तंजावूरचे चेहरे आणि कॅमेऱ्याचे भिंग

तंजावूरच्या राजवाड्यातील दरबार-सभागृहात दुसऱ्या सरफोजी महाराजांचा पांढऱ्या संगमरवराचा पुतळा उभा आहे. हात जोडलेले, मस्तकावर तंजावरी धाटणीचे टोकदार शिरोभूषण आणि चेहऱ्यावर विद्याव्यासंगी पुरुषाचा शांत भाव. जॉन फ्लॅक्समन या नामांकित इंग्रज शिल्पकाराने तो घडविला. सरस्वती महाल ग्रंथालयाला वैभव आणणाऱ्या, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविणाऱ्या, आणि नेत्ररोग्यांच्या नोंदी त्यांच्या डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह लिहवून ठेवणाऱ्या या राजाचा चेहरा आज पाहावयाचा, तो संगमरवरात किंवा चित्रकाराच्या रंगांत. १८३२ साली सरफोजी निवर्तले, आणि दगेरची छायाचित्रणाची कृती पॅरिसमध्ये जाहीर झाली ती १८३९ साली. अवघ्या सात वर्षांनी ही गाठ चुकली.

चेहऱ्यांची गाठ अशी चुकत असते, आणि ती राजांचीच चुकते असे नाही. व्यंकोजीराजांच्या काळापासून, म्हणजे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, तंजावूरच्या आसमंतात मराठी घराणी नांदत आली आहेत. राजवाड्याभोवतीच्या राजवीथींमध्ये एखाद्या घरी आजही ऐंशी वर्षांची आजी आपल्या जुन्या वळणाच्या मराठीत नातवाला हाक मारते, आणि नातू तिला निम्मे मराठीत व निम्मे तमिळमध्ये उत्तर देतो. समजा, या नातवापाशी एक साधा डिजिटल कॅमेरा आहे, त्याला सोबत मिळालेले अठरा ते पंचावन्न मिलिमीटरचे भिंग आहे, आणि चार पैसे शिल्लक पडले आहेत. आजीचे एक चांगले व्यक्तिचित्र काढावे, अशी त्याची इच्छा आहे. मग त्याने नवा, भारी किमतीचा कॅमेरा घ्यावा की नवे भिंग घ्यावे? प्रश्न दिसावयास बाजारातला आहे. परंतु त्याचे उत्तर प्रकाशशास्त्रात आणि थोडेसे इतिहासातही दडलेले आहे.

प्रथम इतिहास पाहू. दगेरची कृती जाहीर झाली तेव्हा कॅमेऱ्याला जे भिंग असे ते फारच थोडा प्रकाश आत घेई. भर उन्हातही चित्र उठण्यास कित्येक मिनिटे लागत. इमारत तितका वेळ स्थिर राहते, माणूस राहत नाही. १८४० साली व्हिएन्ना येथील योझेफ पेट्झवाल या गणिताच्या प्राध्यापकाने ही अडचण कागदावर आकडेमोड करून सोडविली. तोफखान्यातील गणिताची जाण असलेले सैनिक त्याच्या मदतीला देण्यात आले होते, असे सांगतात. त्याने आखलेले भिंग फोइग्टलँडर या कारखानदाराने घडविले. पूर्वीच्या भिंगांपेक्षा ते सोळापटींहून अधिक प्रकाश आत घेई, त्यामुळे मिनिटांचे काम सेकंदांवर आले. व्यक्तिचित्रासाठी म्हणून मुद्दाम आखलेले जगातील पहिले भिंग ते हेच. माणसाचा चेहरा छायाचित्रणाच्या कक्षेत आला तो नव्या पेटीमुळे नव्हे, नव्या भिंगामुळे आला, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

हिंदुस्थानात ही विद्या लवकरच पोहोचली. मुंबईत १८५४ साली आणि मद्रासेत १८५६ साली छायाचित्रकारांच्या संस्था निघाल्या. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे मुंबईच्या आरंभीच्या छायाचित्रकारांपैकी एक होत. परंतु तंजावूरचे शेवटचे मराठा राजे दुसरे शिवाजी हे १८५५ साली पुत्रावाचून वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. त्यानंतर तीन वर्षांनी, १८५८ साली, मद्रास इलाख्याचा सरकारी छायाचित्रकार कॅप्टन लिनियस ट्राइप आपला अवजड सरंजाम घेऊन तंजावुरास आला. त्याने बृहदीश्वराचे मंदिर, विशाल नंदी, सुब्रह्मण्याचे देवालय यांची अप्रतिम चित्रे घेतली. मंदिराच्या पायथ्याभोवतीचा कोरीव लेख एकवीस चित्रे एकापुढे एक जोडून सुमारे एकोणीस फूट लांबीच्या पट्टीवर उतरविला. ट्राइपचे लक्ष वास्तूंवर होते, आणि मेण दिलेल्या कागदावर सावकाश चित्र उठविण्याची त्याची पद्धतही वास्तूंनाच साजेशी होती. दगड थांबून राहतो. त्या वेळी गावात जी माणसे नांदत होती, त्यांचे चेहरे मात्र त्या पट्टीवर नाहीत.

आता शास्त्राकडे वळू. व्यक्तिचित्रासाठी भिंग निवडताना तीन गोष्टी समजून घ्याव्या लागतात: अंतर, छिद्र आणि प्रकाश.

अंतराची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी लोकांना ठाऊक असलेली. मोबाइल फोन अगदी जवळ धरून कोणाचा फोटो घेतला तर नाक मोठे दिसते आणि कान मागे पळाल्यासारखे दिसतात. हा दोष भिंगाचा, असे सर्रास समजले जाते. वस्तुतः तो अंतराचा परिणाम होय. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत सुमारे बारा सेंटिमीटर अंतर धरू. कॅमेरा नाकापासून चाळीस सेंटिमीटरवर असेल तर कान बावन्न सेंटिमीटरवर पडतो. म्हणजे कानाच्या मानाने नाक तीस टक्के मोठे उमटते. तोच कॅमेरा दोन मीटरवर नेला तर ही तफावत सहा टक्क्यांवर येते आणि चेहरा आपल्याला ओळखीचा वाटू लागतो. समोरासमोर बसून बोलताना आपण साधारणतः दीड-दोन मीटरवर असतो. आपल्या माणसाचा चेहरा मनात ठसलेला असतो तो याच अंतरावरून.

म्हणून नियम असा की प्रथम अंतर ठरवावे, भिंग नंतर. दोन मीटरवरून चेहरा आणि खांदे चौकटीत नेमके भरावेत, तर त्या मानाने लांब पल्ल्याचे भिंग हवे. चोवीस बाय छत्तीस मिलिमीटरच्या पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावर हे काम पंच्याऐंशी मिलिमीटरचे भिंग करते. दोन मीटरवरून उभ्या चौकटीत ते वरपासून खालपर्यंत सुमारे पंच्याऐंशी सेंटिमीटर एवढा भाग घेते, म्हणजे मस्तकापासून कमरेच्या आसपासपर्यंत. पंच्याऐंशी ते एकशेपाच मिलिमीटरच्या भिंगांना व्यक्तिचित्राची भिंगे म्हणतात ते याच कारणाने. त्यांत दुसरी कोणतीही जादू नाही.

नातवाच्या कॅमेऱ्याचा प्रकाशग्राही पट मात्र लहान, सुमारे सोळा बाय चोवीस मिलिमीटरचा आहे. लहान पटावर चित्राचा मधलाच भाग पडतो. म्हणून तेथे पन्नास मिलिमीटरचे भिंग पूर्ण चौकटीवरील पंचाहत्तर मिलिमीटरच्या भिंगासारखे वागते. पन्नास मिलिमीटरचे, एफ १·८ छिद्राचे भिंग हे बहुतेक कारखानदारांच्या यादीत सर्वांत स्वस्त भिंगांपैकी असते. जे भिंग मोठ्या कॅमेऱ्यावर सर्वसाधारण कामाचे, तेच लहान कॅमेऱ्यावर व्यक्तिचित्राचे ठरते, हा साध्या कॅमेऱ्याच्या मालकाला मिळालेला अनपेक्षित लाभच होय.

दुसरी गोष्ट छिद्राची. भिंगाच्या नावापुढे जो एफ अंक लिहितात तो म्हणजे भिंगाच्या नाभ्यंतराला प्रकाशाच्या वाटेच्या व्यासाने भागून आलेली संख्या. अंक लहान, तितकी वाट मोठी. सोबत आलेले भिंग पंचावन्न मिलिमीटरवर नेले असता त्याचे मोठ्यात मोठे छिद्र बहुधा एफ ५·६ असते. म्हणजे सुमारे दहा मिलिमीटर रुंदीची वाट. पन्नास मिलिमीटर एफ १·८ भिंगाची वाट सुमारे अठ्ठावीस मिलिमीटरची. हिशेब केला तर दुसऱ्या भिंगातून पहिल्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश पटावर पडतो. घरातील ओसरीवर जेथे सेकंदाचा बारावा भाग एवढा वेळ द्यावा लागत होता, तेथे एकशेविसावा भाग पुरतो. वृद्ध माणसाची मान किंचित हलते, बोलताना ओठ हलतात. बाराव्या भागात ही हालचाल चित्रात पुसट होऊन उमटते, एकशेविसाव्या भागात बहुधा थांबते. कॅमेऱ्याचा कंप आवरणारी यंत्रणा हाताचा कंप सावरते, समोरच्या माणसाची हालचाल ती थांबवू शकत नाही. पेट्झवालने १८४० साली सोडविलेला प्रश्न हाच होता, आणि आजही त्याचे उत्तर तेच आहे.

मोठ्या छिद्राचा दुसरा परिणाम म्हणजे मागचा देखावा विरघळून जातो आणि चेहरा वेगळा उठून दिसतो. हा परिणाम मोहक असतो, म्हणूनच येथे सावध राहिले पाहिजे. पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावर पंच्याऐंशीचे भिंग एफ १·८ ला उघडून दोन मीटरवरून चित्र घेतले तर सुस्पष्ट असा पट्टा जेमतेम सहा सेंटिमीटर जाडीचा असतो. चेहरा किंचित वळलेला असेल तर जवळचा डोळा स्पष्ट आणि दूरचा धूसर, अशी स्थिती होते. तेच छिद्र एफ ४ वर आणले की पट्टा तेरा सेंटिमीटरचा होतो आणि नाकापासून कानापर्यंतचा चेहरा त्यात मावतो. एफ १·२ चे भिंग याहून कितीतरी महाग आणि जड असते, परंतु त्याचा पट्टा चार सेंटिमीटरचा. पुष्कळ पैसे देऊन ते घ्यावयाचे आणि चेहरा नीट यावा म्हणून एफ ४ वर आणून वापरावयाचे, हा व्यवहार कितपत शहाणपणाचा, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

राजवाड्याच्या परिसरात तर मागचा देखावा पुसून टाकण्यात विशेष अर्थही नाही. मराठा दरबाराचे रंगविलेले खांब, कमानी, नायक काळापासूनचे गच्चीदार मजले ही माणसाची पार्श्वभूमी आहे, नुसता पडदा नव्हे. खांबाचा रंग आणि कमानीची रेघ ओळखू यावी, पण तिने चेहऱ्याशी स्पर्धा करू नये, एवढेच साधावयाचे. त्यासाठी मधले छिद्र बरे, आणि माणसाला भिंतीपासून तीन-चार मीटर पुढे आणून बसविणे त्याहून बरे. या दुसऱ्या उपायाला एक पैसाही लागत नाही.

जुन्या वळणाची आवड असणाऱ्यांसाठी येथे एक गोष्ट सांगावयास हवी. पेट्झवालच्या भिंगात मध्यभाग अत्यंत रेखीव आणि कडा मृदू येत, कारण त्याचे चित्र सपाट पटावर न पडता वाकलेल्या पृष्ठभागावर पडे. गणिताच्या दृष्टीने तो दोषच; पण त्या दोषामुळे पाहणाऱ्याची दृष्टी आपोआप चेहऱ्याकडे जाते. त्या धाटणीची भिंगे आज पुन्हा घडविली जातात. हौसेने ती घेण्यास हरकत नाही. परंतु भिंगाचा दोष हा चित्राचा गुण ठरावयाचा असेल तर मध्यभागी पाहण्याजोगे काही असावे लागते.

तिसरी आणि शेवटची गोष्ट प्रकाशाची. भारी कॅमेरा आणि भारी भिंग यांनी जे साधत नाही ते पुष्कळदा खुर्ची चार हात सरकविल्याने साधते. तंजावूरचे ऊन दुपारी डोक्यावरून पडते. त्यात भुवयांखाली खोल सावल्या पडतात आणि डोळे दिसेनासे होतात. त्याच वेळी ओवरीच्या छपराखाली, कडेपासून मीटरभर आत, माणसाला बाहेर तोंड करून बसविले तर त्याच उन्हाचे परावर्तन चेहऱ्यावर मंद आणि एकसारखे पडते. तोंड किंचित एका बाजूस वळविले की गालाची, कपाळाची, सुरकुत्यांची घडण उमटते. लहान दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत जातो; उघड्या दरवाजाच्या बाबतीत इतका नेमका हिशेब बसत नसला तरी कल तोच असतो. म्हणून दरवाजाजवळ बसविलेल्या माणसाचा चेहरा उजळ आणि मागची भिंत काळोखी येते. दोघांनाही आत सरकविले की दोन्ही सारखेच मंद होतात. सावलीची बाजू फारच काळी पडत असेल तर चौकटीच्या बाहेर पांढरे धोतर किंवा चादर पसरून धरावी. तिच्यावरून उलटलेला प्रकाश सावली हलकी करतो. रंगविलेल्या भिंतीपासून मात्र दूर राहावे. हिरव्या किंवा लाल भिंतीवरून उलटलेला प्रकाश आपला रंग गालावर ठेवून जातो.

येथेच कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाचा स्वभाव समजून घ्यावा. समोर जे असेल ते मध्यम करड्या छटेचे आहे, असे गृहीत धरून तो हिशेब करतो. सरफोजींचा पांढरा पुतळा चौकटभर घेतला तर तो करडा उमटतो. तेथे मापकाने सांगितलेल्याच्या दुपटीच्या आसपास प्रकाश द्यावा लागतो. उलट, पांढऱ्या उन्हाळ चौकासमोर बसलेली सावळ्या वर्णाची व्यक्ती घेतली तर चौकाच्या उजेडाने फसून मापक चेहरा काळवंडून टाकतो. अशा वेळी मापक चेहऱ्यावरच रोखावा आणि मागचा चौक अधिक पांढरा झाला तर होऊ द्यावा. आपल्याला चौकाचे चित्र नको आहे, आजीचे हवे आहे. राजवाड्यातील दालनांत चित्रणासंबंधी जे नियम असतील ते अर्थातच पाळावेत. जुन्या चित्रांवर आणि हस्तलिखितांवर लखलखाटी दिवा उडवू नये. मोठ्या छिद्राचे भिंग असले की त्याची गरजही फारशी राहत नाही.

आता नव्या कॅमेऱ्याचे काय? नव्या कॅमेऱ्याचे गुण नाकारण्याचे कारण नाही. आरसा नसलेल्या आजच्या कॅमेऱ्यांपैकी बरेच समोरच्या माणसाचा डोळा स्वतः शोधून त्यावर फोकस साधतात, आणि उथळ पट्ट्याच्या भिंगांसाठी हे फार मोठे साहाय्य आहे. पूर्ण चौकटीच्या पटाचे क्षेत्रफळ लहान पटाच्या सव्वादोन ते अडीच पट असते, त्यामुळे अंधुक प्रकाशात चित्र अधिक स्वच्छ येते. परंतु हा लाभ अडीचपटीच्या आसपासचा. आणि साध्या भिंगाऐवजी मोठ्या छिद्राचे साधे भिंग घेतले तर लाभ दहापटीचा. शिवाय कॅमेरा पाच-सात वर्षांत जुना होतो, चांगले भिंग दोन-तीन कॅमेऱ्यांना पुरते. म्हणून क्रम असा असावा: आधी प्रकाश ओळखावा, त्याला खर्च नाही, मग भिंग घ्यावे, आणि जुन्या कॅमेऱ्याने अमुक एक चित्र घेता येत नाही, असे अनुभवाने नेमके सांगता येऊ लागले की मग कॅमेरा बदलावा. नुसत्या असमाधानापोटी बदलू नये.

भिंग वापरलेले घेण्यास हरकत नाही, परंतु ते पारखून घ्यावे. उजेडाकडे धरून आरपार पाहिले असता आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी होय. तंजावूर हा कावेरीचा खोऱ्यातला, दमट हवेचा प्रदेश. कोकणपट्टीतील आणि गोव्यातील श्रोत्यांनाही हा अनुभव असेलच. दमट हवेत बंद कातडी पिशवीत महिनोन्‌महिने ठेवलेल्या भिंगावर बुरशी चढते आणि काचेवरील लेप खाऊन टाकते. भिंग घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे, अधूनमधून पुडी तापवून कोरडी करावी, आणि मुख्य म्हणजे भिंग वापरात ठेवावे. छिद्र उघडझाप करणाऱ्या पात्यांवर तेल आलेले नाही ना, कडी फिरविताना अडखळत नाही ना, आपल्या कॅमेऱ्याच्या तोंडावर ते बसते ना, एवढे पाहिले म्हणजे पुरे.

तेव्हा नातवाला उत्तर मिळाले. नव्या कॅमेऱ्याचे पैसे त्याने तूर्त राखून ठेवावेत. पन्नास मिलिमीटरचे एक साधे भिंग घ्यावे. सकाळी नवाच्या सुमारास आजीला ओसरीच्या कडेशी बसवावे, स्वतः दोन मीटर दूर बसावे, छिद्र एफ २·८ च्या आसपास ठेवावे, जवळच्या डोळ्यावर फोकस साधावा. आणि मग कॅमेरा क्षणभर मांडीवर ठेवून तिला काही विचारावे, तिच्या लग्नाविषयी, तिच्या आईविषयी, राजवाड्याभोवती पूर्वी कोण राहत असे त्याविषयी. ती आपल्या मराठीत बोलू लागेल. बोलता बोलता ज्या क्षणी ती कॅमेरा विसरेल, तो क्षण चित्राचा.

त्या चित्राचे दोन ठसे कागदावर काढून घ्यावेत, मागे नाव, गाव आणि तारीख लिहावी. कारण यंत्रातील चित्रे यंत्राबरोबर जातात आणि नाव नसलेला चेहरा दोन पिढ्यांत परका होतो. सरफोजी महाराजांनी नेत्ररोग्यांची चित्रे काढविली तेव्हा त्या चित्रांसोबत रोग्यांची हकीकतही लिहवून ठेवली होती. म्हणून ते कागद आजही बोलतात. चित्र आणि नोंद एकत्र ठेवण्याचा हा तंजावरी रिवाज प्रत्येक मराठी घराने उचलावा असा आहे. आणि त्यासाठी नव्या कॅमेऱ्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.